पित्ताची पिशवी काढली तरी पोट दुखतंय? काय ओळखायचं, काय खायचं, कुठल्या टेस्ट करायच्या

"ऑपरेशन झालं, खडे निघाले, मग आता दुखतंय कशाचं?" आईच्या ऑपरेशननंतर आमच्या घरात हा प्रश्न रोज निघायचा, आणि नंतर बघितलं तर नात्यात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कुणी ना कुणी हेच विचारत असतंय. उत्तरं दोनच मिळतात, एकतर "गॅस असेल, होईल कमी" नाहीतर "ऑपरेशन बिघडलं बहुतेक", आणि दोन्ही ऐकून माणूस आहे तिथंच राहतो. पिशवी काढल्यावरचं पोटदुखणं हे एकच दुखणं नाहीये, त्यामागं बरीच वेगवेगळी कारणं असतात, प्रत्येकाची जागा वेगळी, वेळ वेगळी आणि उपाय पण वेगळा, त्यामुळं आधी आपलं कुठलं ते ओळखायचं आणि मगच पथ्य, गोळी, टेस्ट ठरवायची. ते कसं करायचं तेच इथं क्रमानं लिहिते.

आधी शरीरात काय बदललं ते समजून घ्या

पित्त पिशवीत तयार होत नाही, लिव्हर तयार करतं, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवीचं काम ते साठवायचं, घट्ट करायचं आणि तेलकट जेवण आलं की पिळून आतड्यात सोडायचं. पिशवी गेली की साठवण संपली, पित्त दिवसभर थोडं थोडं आतड्यात येत राहतं. पचन बंद पडत नाही, पण एकदम भरपूर तेल-तूप आलं तर त्याला पुरेल एवढं घट्ट पित्त एका वेळी मिळत नाही, आणि उलट पोट रिकामं असताना पण पित्त येतच असतं, ते मोठ्या आतड्यात जास्त पोचलं की लूज मोशन. बहुतेक लोकांना काही आठवड्यांत याची सवय होते आणि ते सगळं खायला लागतात. काहींना होत नाही, हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

आपल्याकडं दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात केली ती डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी, १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात. त्याआधी पोट मोठं उघडायला लागायचं आणि पेशंट बरेच दिवस ऍडमिट असायचा. आता एक-दोन दिवसांत घरी सोडतात, ते चांगलंच आहे, पण त्या गडबडीत पुढं काय खायचं आणि काय झालं तर परत यायचं हे नीट विचारायचं राहून जातं.

पायरी पहिली : ही लक्षणं असतील तर आधी दवाखाना

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे आणि बरगडीखाली उजवीकडं दुखणं ही तीन एकत्र आली तर पित्तनलिकेत अडथळा येऊन इन्फेक्शन झालेलं असू शकतं, त्यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं, रात्री दोन वाजले असले तरी सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. तसंच चहासारखी गडद लघवी आणि मातीसारखी पांढरट शी, कळ येऊन काही तास न थांबणं, पाणी पण न टिकणारी उलटी, काळी डांबरासारखी शी किंवा रक्त, काही न करता वजन उतरणं, यातलं काही असेल तर घरगुती उपाय नकोत. ऑपरेशन होऊन आठ-दहा दिवसच झालेत आणि पोट फुगत चाललंय, ताप आहे, दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, तर पित्त आत गळत असू शकतं, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडंच त्याच दिवशी जा.

लघवीचं एक आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते. एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पडलं तरी लघवी गडद होते. दोन-तीन ग्लास पाणी पिऊन काही तासांनी रंग फिका झाला तर ते उन्हाचं. पाणी पिऊनही तसाच राहिला, किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात (ट्यूबलाईटखाली कळत नाही) पिवळा दिसला तर रक्त तपासा.

आणि पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत घाम, दम, डावा हात किंवा जबडा दुखतोय, तर आधी ईसीजी. शुगर असलेल्या आणि वयस्कर लोकांचा हार्टचा त्रास कितीतरी वेळा "पित्त झालंय" म्हणून घरात सोडा पिऊन अंगावर काढला जातो, आणि पिशवी काढलेला पेशंट असला तर सगळ्यांचं लक्ष पोटावरच असतं.

पायरी दुसरी : ऑपरेशनला किती दिवस झाले ते धरा

पहिल्या तीन-चार दिवसांत खांदा दुखणं, विशेषतः उजवा, हे भीतीचं नाही. ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साईड भरतात, त्यानं छाती आणि पोटाच्या मधला पडदा चिडतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. घरात हळूहळू चाललं की दोन-चार दिवसांत जाते. टाक्यांच्या जागी ओढल्यासारखं होणं, बेंबीजवळ टोचणं हे दोन-तीन आठवडे चालतं. पहिल्या महिन्यात शी पातळ होणं, गॅस, तेलकट खाल्ल्यावर जड वाटणं हे पण नेहमीचंच आहे. दीड-दोन महिन्यांनंतरही त्रास तसाच आहे, किंवा मधे बरं होतं आणि नव्यानं सुरू झालं, तर मात्र शोध घ्यायला पाहिजे.

अजून एक विचारायचं राहून जातं ते म्हणजे पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट. काढलेली पिशवी लॅबला पाठवलेली असते, रिपोर्ट नंतर येतो आणि तो घ्यायला कुणी जात नाही. क्वचित त्यात कॅन्सर सापडतो जो आधी सोनोग्राफीत दिसलेला नसतो. रिपोर्ट आणा, डॉक्टरांना दाखवा आणि फाईलला लावा.

पायरी तिसरी : वही

दोन आठवडे एक साधी वही ठेवा, मोबाईलवर लिहिलं तरी चालेल. आमच्या वहीतलं एक पान असं होतं : "सकाळी ७ दुधाचा चहा, ११ पर्यंत काही नाही. दुपारी २ ला दोन भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी तेल घालून. २.४० ला संडास, पातळ, पिवळसर, घाई. दुखणं बेंबीभोवती, संडासनंतर कमी." एवढंच. कधी खाल्लं, काय खाल्लं, किती वेळानं दुखलं, कुठं दुखलं (बोटानं दाखवता येतं का सगळा हात फिरवावा लागतो), किती वेळ टिकलं, कशानं थांबलं, शी कशी झाली. डॉक्टरांना हे पान दाखवलं की पाच मिनिटांत जे कळतं ते "पोट दुखतंय हो सारखं" यातून कळत नाही. आमच्याकडं तर वहीमुळंच लक्षात आलं की रोजचा त्रास बऱ्याच तासांच्या उपाशीपणानंतरच्या भरपेट जेवणाचा होता.

पायरी चौथी : आपलं दुखणं कुठल्या प्रकारचं

पहिला प्रकार, जुन्या खड्यांच्या वेळेसारखीच कळ. छातीच्या खाली मधोमध किंवा उजवीकडं, पाठीत जाणारी, अर्धा तास किंवा जास्त टिकणारी, कूस बदलून, गॅस सोडून, संडासला जाऊन काही फरक न पडणारी, मधले काही दिवस एकदम ठीक आणि मग परत अटॅक. यात पित्तनलिकेत राहिलेला किंवा नवीन झालेला खडा, पिशवीच्या देठाच्या उरलेल्या भागातला खडा, नळी आकसणं, नाहीतर नळीच्या तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायू नीट न उघडणं, हे बघायला लागतं. यावर पथ्यात वेळ घालवू नका, टेस्ट करा.

दुसरा, जळजळ. छातीत किंवा पोटाच्या वर आग, आंबट-कडू पाणी तोंडात येणं, रात्री आडवं पडल्यावर जास्त. ही बऱ्याच वेळा आधीपासूनची ऍसिडिटी किंवा अल्सर असतो, खडे सापडले म्हणून सगळं खड्यांवर गेलं आणि पिशवी काढल्यावर हा त्रास जिथल्या तिथं राहिला. एच. पायलोरी या जंतूची तपासणी इथं कामाची, उपचार पण ठरलेले आहेत. फक्त श्वासाची किंवा शी ची टेस्ट करायची असेल तर पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

तिसरा प्रकार फार लोकांच्या लक्षात येत नाही, पोटाच्या भिंतीचं दुखणं. एकाच जागी, एका बोटानं दाखवता येईल असं, जेवणाशी संबंध नाही, वळताना, वाकताना, खोकताना जास्त. व्रणाजवळ नस अडकलेली असते, किंवा बेंबीच्या छिद्रातून हर्निया आलेला असतो. घरी बघायचं तर असं : सपाट झोपा, दुखऱ्या जागी बोट ठेवून थोडं दाबा, आणि हाताचा आधार न घेता डोकं-खांदे जरा उचला. पोटाचे स्नायू ताणल्यावर दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर दुखणं भिंतीत असायची शक्यता जास्त, कमी झालं तर आतलं. ऑपरेशनला दीड महिना झाला नसेल तर हे करू नका. उभं राहून खोकल्यावर बेंबीजवळ फुगवटा येतो का ते पण बघा, येत असेल तर सर्जनला दाखवा. नस अडकली असेल तर त्या जागी भुलीचं इंजेक्शन देतात, काहींना तेवढ्यानंच आराम पडतो, आणि त्याआधी हे लोक किती सोनोग्राफ्या करून बसलेले असतात ते विचारू नका.

चौथा, मुरडा, गॅस, पोट फुगणं, संडासला गेलं की बरं. यात एकतर आयबीएस (रिपोर्ट नॉर्मल असूनही आतड्याचं काम बिघडणं), नाहीतर पित्तामुळं होणारे लूज मोशन.

पायरी पाचवी : जेवलं की संडासला पळायला लागतंय

याच्यावर जास्त लिहिते कारण लोक लाजेनं हे सांगत नाहीत. घराबाहेर पडायचं टाळतात, लग्नाला गेलं तरी जेवत नाहीत, एसटीनं पंढरपूरला जायचं म्हटलं तरी आदल्या रात्रीपासून उपाशी. हा आजार आहे, याला नाव (बाईल ऍसिड डायरिया) आणि औषध दोन्ही आहे. जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात गेलं की ते आतडं पाणी सोडतं, त्यामुळं पातळ, पिवळी-हिरवट, जळजळणारी, एकदम घाईची शी होते, खासकरून सकाळी आणि जेवणानंतर.

आधी इसबगोल. सुरुवात एका छोट्या चमच्यानं, ताकात किंवा पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर ग्लासभर पाणी, कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकतं. ते पाणी शोषून शी बांधतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा. दुधाचं पण एकदा बघा, आठवडाभर साधं दूध आणि दुधाचा चहा बंद ठेवायचा, दही-ताक चालू. फरक पडला तर दूधच पचत नव्हतं.

एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हे पित्तामुळं असेल का, कोलेस्टिरामिन देऊन बघायचं का?" हे पावडरचं औषध पित्ताला धरून ठेवतं आणि शी वाटे बाहेर काढतं, बऱ्याच जणांना काही दिवसांतच फरक कळतो आणि तोच निदानाचा पुरावा पण होतो. सगळ्या मेडिकलमध्ये लगेच मिळेल असं नाही, मागवून घ्यायला लागू शकतं. पावडर पाण्यात नाहीतर ज्यूसमध्येच घ्यायची. महत्त्वाचं म्हणजे हे दुसऱ्या औषधांना पण धरून ठेवतं, म्हणून थायरॉईड, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या याच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तास नंतर घ्यायच्या. डोस जास्त झाला तर उलटा बद्धकोष्ठ आणि पोट फुगतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, आणि बरेच महिने चालू राहिलं तर ए, डी, ई, के या जीवनसत्त्वांकडं लक्ष ठेवायला लागतं.

पायरी सहावी : सोलापुरी ताट कसं बदलायचं

"तेल-तूप सगळं बंद" हे कायमचं पथ्य कुणालाच लागत नाही, उलट एकदम शून्य केलं की अशक्तपणा येतो आणि माणूस कंटाळून एक दिवस तुटून पडतो. चरबी दिवसभरात वाटून घ्यायची, एका जेवणात ढीग नको. सुरुवातीचे काही आठवडे एका जेवणात १० ते १५ ग्रॅमच्या आत धरा आणि सोसेल तसं वाढवा.

आता शेंगाचटणी. आपल्याकडं चटणीला कुणी तेलकट पदार्थ मोजत नाही, पण शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन चरबीचं असतं, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेल्या चटणीचा एक मोठा चमचा म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास, आणि त्यावर आपण परत तेल ओततो. चटणी बंद करायची गरज नाही, एक छोटा चमचा घ्या, तेलाऐवजी दह्यात कालवा. तिखटानं पण काहींना घाई होते, ते वहीत कळेल.

कडक भाकरी आणि मालदांडी ज्वारी आपलं रोजचं अन्न आहे, पण पोट बिघडलेलं असताना कडक भाकरी, हुरडा, कच्ची काकडी-मुळा यानं गॅस वाढतो. काही दिवस मऊ ताजी भाकरी, मुगाची पातळ आमटी, दुधी-दोडक्याची भाजी, मऊ भात, ताक, केळं, शिजवलेलं सफरचंद असं ठेवा, मग अर्धी अर्धी भाकरी वाढवत न्या. आमटीला फोडणी घरच्या सगळ्यांसाठी एकच देतात, तेव्हा पेशंटची वाटी फोडणीच्या आधी काढून ठेवायची, वेगळा स्वयंपाक करायला लागत नाही.

मटण पहिले दीड-दोन महिने नको, नंतर खायचं तर दुपारी, चरबीचे तुकडे बाजूला काढून, वर तरंगणारी तर्री काढून, चार फोडी. रात्री नऊला भरपेट हंडी खाऊन लगेच झोपणं याच्याइतका त्रास देणारं दुसरं काही मी बघितलं नाही.

उपवासाचं पण असंच. एकादशीला दिवसभर काही नाही आणि मग साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचा कूट, वर वडा, हे पिशवी नसलेल्या पोटाला जड आहे. वरी, ताक, राजगिरा, फळं दोन-तीन तासांनी थोडं थोडं घ्या. लूमवर बारा तासांची पाळी करणारे किंवा दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायका यांचं दुखणं तर बहुतेक वेळा इथंच असतं, दिवसभर चहावर आणि रात्री एकदम जेवण. डब्याचे दोन भाग करा, अर्धं अकराला, अर्धं दोनला, संध्याकाळी मूठभर फुटाणे-चुरमुरे किंवा केळं. चहा उपाशीपोटी नको.

पायरी सातवी : मेडिकलमधून आपल्या मनानं काय घ्यायचं नाही

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा पेनकिलर घेताना पिशवी काढलीय हे आवर्जून सांगा. कोडीन आणि त्या जातीच्या औषधांनी नळीच्या तोंडाचा तो स्नायू आवळतो आणि पिशवी नसलेल्या काही लोकांना एकदम हार्ट अटॅकसारखी कळ येते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्या तर अल्सर होतो, आणि मग तीच गोळी ज्या दुखण्यासाठी घेतो ते वाढत जातं. ऍसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं कुणाला न विचारता चालू ठेवू नका. नळीत खडा अडकला असेल तर खडे विरघळवणारं चूर्ण, काढा, लिंबू-तेल यानं तो निघत नाही, वेळ मात्र जातो.

पायरी आठवी : टेस्ट कुठल्या क्रमानं

सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी), लिव्हरची एलएफटी, लायपेज (स्वादुपिंडाची रक्त तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी इथून सुरुवात. एलएफटी बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, शक्य असेल तर ती अटॅक आल्यावर काही तासांत, फारतर दुसऱ्या दिवशी करा, कारण खडा क्षणभर अडकून सुटला तर आकडे वाढतात आणि थोड्या दिवसांत परत नॉर्मल होतात. डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच लिहून घेऊन ठेवली तर अटॅकच्या दिवशी सरळ लॅबला जाता येतं.

सोनोग्राफीत "सीबीडी थोडी रुंद" असं लिहून आलं की घरात रडारड होते. ही मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत नॉर्मल धरतात, पण पिशवी काढल्यावर ती १० मिलिमीटरपर्यंत पण रुंद असू शकते, अडथळा नसताना सुद्धा. एलएफटी नॉर्मल आणि कळ नाही तर घाबरायचं कारण नाही. उलट सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून खडा नाहीच असंही नाही, नळीचा खालचा भाग आतड्यातल्या गॅसमुळं नीट दिसत नाही.

संशय राहिला तर एमआरसीपी, म्हणजे एमआरआय मशीनवरच पित्तनलिकांचा फोटो, दुर्बीण घालायला लागत नाही, रेडिएशन नाही. ऑपरेशनमध्ये पिशवीचा देठ बंद करायला लावलेल्या क्लिपा आत आहेत म्हणून लोक घाबरतात, पण आता वापरतात त्या टायटॅनियमच्या क्लिपांना एमआरआय चालतं, तरी टेक्निशियनला सांगा. आंतरदुर्बिणीतून होणारी सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस, बारीक खड्यासाठी अजून चांगली. जळजळ जास्त असेल तर साधी एन्डोस्कोपी.

ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत जाणं, ही तपासणी म्हणून करायची नसते, खडा काढायला किंवा नळीत स्टेंट घालायला असते, कारण तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज यायचा धोका शंभरात साधारण तीन ते दहा जणांना असतो. खडा दिसलाय तर नक्की करा. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना "नळीच्या तोंडाचा स्नायू कापून बघू" असं कुणी म्हणत असेल तर दुसरं मत घ्या. अमेरिकेत एपिसोड नावाचा अभ्यास झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला, २१४ पेशंट होते. नळ्या आणि रक्त नॉर्मल, फक्त दुखणं, अशा लोकांत खरंच स्नायू कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना फायदा झाला आणि नुसतं केल्यासारखं केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. म्हणजे कापून काही फायदा दिसला नाही.

सोलापुरात पोटविकार तज्ज्ञ आहेत, त्यामुळं पहिल्याच कळेला पुणं-हैदराबाद गाठायची घाई नको. जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स, बायोप्सी, जुन्या सोनोग्राफ्या आणि वही एका फाईलमध्ये तारखेप्रमाणं लावा. खर्चाचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का हे ऍडमिट व्हायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

सगळं नॉर्मल आलं आणि तरी दुखतंय

मग "मनाचं आहे" म्हणून पेशंटला गप्प बसवू नका, घरच्यांना हे हात जोडून सांगणं. बरीच वर्षं कळा सोसल्यावर पोटाच्या नसा हळव्या झालेल्या असतात, आतड्याची साधी हालचाल पण त्यांना दुखणं म्हणून कळते, दुखणं खरंच असतं. यात डॉक्टर कधी कधी अमिट्रिप्टिलीनसारखी गोळी अगदी कमी डोसमध्ये रात्री देतात. मेडिकलवाला किंवा शेजारचं कुणी "ही तर डिप्रेशनची गोळी आहे" म्हणालं की लोक दुसऱ्या दिवशी बंद करतात. इथं ती नसांचं दुखणं कमी करायला दिलेली असते, फरक दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला सकाळी सुस्ती आणि तोंड कोरडं पडणं होतं, म्हणून रात्री जरा लवकर घ्यायची आणि पहिले काही दिवस सकाळी गाडी चालवायची नाही. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हार्टचा त्रास असेल तर ते लिहून घ्यायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.